पावसाचा आकडा नगण्य, तरी झरे वाहतात: पेरूच्या आतिकिपाचा भूगोल

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेरूच्या दक्षिण किनाऱ्यावरचा आतिकिपा हा ग्रामीण जिल्हा नकाशावर सरळसरळ वाळवंटात दिसतो. पाऊस नावापुरता, हद्दीत मोठी नदी नाही. तरीही तिथे गाव आहे, डोंगरउतारांवर शेकडो वर्षांची पायऱ्यांची शेती आहे आणि झाडीही आहे. हे कसे? आणि अशा जिल्ह्याचा अभ्यास करायचा तर सुरुवात कुठून करावी?

आधी ‘जिल्हा’ या शब्दाबद्दल. पेरूत देशाचे विभाग, विभागांचे प्रांत आणि प्रांतांचे ‘दिस्त्रितो’ पडतात. या दिस्त्रितोला आपण जिल्हा म्हणतो, पण आकाराने आणि कारभाराने तो सहसा आपल्या तालुक्याहूनही लहान असतो. आतिकिपा हा आरेकिपा विभागातल्या कारावेली प्रांताच्या 13 दिस्त्रितोंपैकी एक. तेव्हा सोलापूर किंवा अहिल्यानगर जिल्हा डोळ्यांसमोर आणू नका. किनाऱ्यालगतचा डोंगरांचा एक गट, त्यातल्या कोरड्या घळी, एक मुख्य गाव आणि काही वाड्या, एवढाच हा पसारा आहे. राजधानी लिमाहून दक्षिणेला जाणारा पॅन-अमेरिकन महामार्ग समुद्राला लागून इथून जातो. जवळचे मोठे गाव म्हणजे चाला, लिमापासून सुमारे 620 किलोमीटरवर.

आता अक्षांश पाहा. आतिकिपा साधारण 15 अंश 48 मिनिटे दक्षिणेला आहे आणि आपले वेंगुर्ले जवळजवळ तेवढ्याच अंशांवर उत्तरेला. विषुववृत्तापासून दोघांचे अंतर सारखे, दोन्हीकडे समोर महासागर, पाठीशी डोंगररांग. वेंगुर्ल्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर आतिकिपाच्या किनाऱ्यावर वर्षभरात जमीन भिजेल असा पाऊस बहुधा एकदाही होत नाही. हा फरक नीट समजला की बाकीचा भूगोल आपोआप उलगडतो.

कोकणासमोरचा अरबी समुद्र कोमट असतो. त्यावरची हवा ओलसर आणि हलकी होते, वर चढते, सह्याद्रीला धडकून आणखी वर जाते आणि पाऊस पडतो. पेरूच्या किनाऱ्यालगत दक्षिणेकडून हम्बोल्ट हा थंड पाण्याचा सागरी प्रवाह येतो. त्यातच किनाऱ्याला समांतर वाहणारा वारा पृष्ठभागावरचे पाणी समुद्राच्या आत लोटतो आणि त्याच्या जागी खोलातले थंड पाणी वर येते. त्यामुळे उष्ण कटिबंधात असूनही हिवाळ्यात इथल्या समुद्राचे तापमान 15 अंशांच्या आसपास राहते. त्या पाण्यावरची हवा थंड आणि जड होते, ती वर चढत नाही. शिवाय दक्षिण पॅसिफिकवरच्या कायमच्या जास्त दाबाच्या पट्ट्यातून उंचावरची हवा खाली बसत असते आणि बसताना तापते. म्हणजे खाली थंड ओली हवा आणि तिच्यावर गरम कोरड्या हवेचे झाकण. पूर्वेकडे अँडीज उभा असल्याने ॲमेझॉनची ओल इकडे पोचत नाही. झाकणाखाली ओल भरपूर असते, ढगही दाटतो, पण पाऊस पडायला ढगाची जी जाडी आणि उठाव लागतो तो त्याला मिळत नाही. पडतो तो फक्त ‘गारुआ’, म्हणजे चेहऱ्याला जाणवावी पण कपडे भिजू नयेत अशी फवार.

माझ्या मते या जिल्ह्याबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी: इथे पाण्याचा नकाशा आडवा नाही, उभा आहे. गाव नदीपासून किती दूर आहे हे विचारण्याआधी जागा समुद्रसपाटीपासून किती उंच आहे आणि तिचे तोंड कुठे आहे हे विचारायचे.

ढगाचा हा थर हिवाळ्यात साधारण 400 ते 1,000 मीटरच्या दरम्यान तरंगत असतो. ऋतूप्रमाणे आणि दिवसागणिक तो खालीवर होतो. किनाऱ्यापासून तीन-चारशे मीटर उंचीपर्यंतची जमीन त्याच्या खाली राहते. तिथे आभाळ करडे असते, हवा दमट असते, पण माती कोरडी आणि उतार उघडे. त्याच्यावर जिथे ढग डोंगराला प्रत्यक्ष टेकतो तिथे दाट धुके असते आणि जून-जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत उतार हिरवे होतात. या धुक्यावर वाढणाऱ्या हिरव्या पट्ट्यांना स्पॅनिशमध्ये ‘लोमा’ म्हणतात. त्याहून वर गेलात की धुके पायाखाली राहते. लख्ख ऊन पडते, हवा खालच्यापेक्षा गरम होते आणि पुन्हा ओसाड खडक लागतो. डोंगर चढताना थंडी वाढत जाते हा आपला अनुभव इथे लागू पडत नाही. हिवाळ्यातल्या दुपारी 700 मीटरवर हुडहुडी भरते आणि 1,200 मीटरवर स्वेटर काढावासा वाटतो.

(शब्दांचा एक घोळ आधीच टाळा. याच प्रांतात ‘लोमास’ नावाचा वेगळा दिस्त्रितोही आहे. ‘चाला’ हे गावाचे नाव आहे आणि पेरूच्या शालेय भूगोलात समुद्रसपाटीपासून 500 मीटरपर्यंतच्या किनारी पट्ट्यालाही ‘चाला’च म्हणतात.)

मग शेजारच्या सपाट भागात लोमा का नाहीत? कारण धुके आडवे वाहते, त्याला अडवायला काहीतरी उभे असावे लागते. आतिकिपाचे डोंगर किनाऱ्यापासून थोड्याच किलोमीटरांत हजार मीटरच्या वर जातात, त्यामुळे ढगाचा थर त्यांच्यावर अक्षरशः चालून येतो. बेया उनियोनसारख्या याच प्रांतातल्या दिस्त्रितोत रुंद सपाटी आहे. तोच ढग तिथे डोक्यावरून निघून जातो. वारा दक्षिण-नैर्ऋत्येकडून येत असल्याने त्या बाजूचे उतार जास्त हिरवे असतात. त्यात दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येते, म्हणून दक्षिणेकडच्या उतारांवर बाष्पीभवनही कमी. आपल्याकडे उत्तरेचा उतार सावलीचा धरतात. इथे ते उलटे आहे आणि नवखा माणूस इथे हमखास चुकतो.

आता झरे कुठून येतात ते पाहू. धुक्यातले थेंब फार बारीक असतात, साधारण 1 ते 40 मायक्रॉनचे. स्वतःच्या वजनाने ते खाली पडत नाहीत. पान, काटा, फांदी, शेवाळ यांवर आपटले की चिकटतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि मग ठिबकतात. आतिकिपात या कामाला दोन झाडे मुख्य आहेत. एक ‘आरायान’, शास्त्रीय नाव मिर्सिअँथेस फेरेयरी. जांभळाच्या कुळातले हे झाड आरेकिपाच्या किनारी लोमांबाहेर जगात कुठेही नैसर्गिकरीत्या उगवत नाही. दुसरे ‘तारा’ नावाचे काटेरी झाड. त्याच्या शेंगांतले टॅनिन चामडे कमवायला जगभर जाते. आरायानाच्या राईत धुक्याच्या दिवशी उभे राहिले तर आत टपटप चालू असते आणि दहा पावलांवर उघड्यावर माती नुसती ओलसर असते. ठिबकलेले पाणी पालापाचोळ्यातून मातीत, मातीतून खडकाच्या भेगांत जाते आणि खालच्या घळींत झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. जुन्या लोकांनी याच झऱ्यांच्या खाली पायऱ्या बांधून शेती केली. स्पॅनिश येण्याआधीच्या त्या दगडी बांधांच्या रांगा आजही उतारांवर दूरवर दिसतात.

म्हणूनच इथला पर्जन्यमापक फसवतो. वरून उघडे नळकांडे आडव्या धुक्याला काही धरत नाही. नोंदवहीत काही मिलिमीटर दिसतात आणि वाचणारा ‘पाणी नाही’ असा निष्कर्ष काढतो. झाड तुटले की काय होते तेही यावरूनच कळते. सरपण आणि कोळशासाठी तोड झाली, वर शेळ्या-गाढवांनी कोवळी रोपे खाल्ली, की धुके अडवणारी उभी भिंतच जाते. ढग पूर्वीइतकाच येतो, पण त्यातले पाणी उतरत नाही. काही वर्षांनी झरा आटतो आणि लोक म्हणतात हवामान बदलले. हवामानही बदलत असेल, पण आधी झाडे मोजा.

धुक्यातले पाणी धरायला डोंगरावर उभ्या जाळ्या लावतात, त्यांच्याबद्दल बऱ्याच जणांना कुतूहल असते, आणि त्याबद्दल गैरसमजही तेवढेच. म्हणून हे जरा खोलात.

जाळी लावण्याआधी जागा मोजायची. त्यासाठी 1 चौरस मीटरची चौकट, तिची खालची कड जमिनीपासून 2 मीटर उंच, तोंड वाऱ्याच्या दिशेला काटकोनात. खाली पन्हळ आणि मोजपात्र. एकाच डोंगरावर 500, 650, 800 मीटर अशा वेगवेगळ्या उंचीवर निदान तीन चौकटी हव्यात आणि नोंद पूर्ण वर्षभर. फक्त ऑगस्टमध्ये मोजून योजना आखली की पुढे हमखास फसते, कारण डिसेंबर ते मे जवळजवळ काहीच मिळत नाही. शिखरापेक्षा खिंड बरी, कारण तिथे वारा एकवटतो.

मोठी जाळी सहसा 12 मीटर लांब आणि 4 मीटर उंच, म्हणजे 48 चौरस मीटरची असते. जाळी 35 टक्के सावलीची राशेल जातीची, आपल्या शेडनेटच्या भावकीतली, आणि ती दुहेरी लावतात. दोन पदर वाऱ्याने एकमेकांवर घासतात आणि अडकलेले थेंब खाली उतरतात. जास्त दाट जाळी लावली तर जास्त पाणी मिळेल हा समज चुकीचा आहे. दाट जाळीला वारा वळसा घालून जातो आणि थेंब त्याच्याबरोबर निघून जातात. खालची कड 2 मीटरवर आणि वरची 6 मीटरवर ठेवायची, म्हणजे जमिनीत दीड मीटर धरून खांब साडेसात मीटरचा लागतो. ताणाच्या तारा दोन्ही बाजूंना आणि गंज न धरणाऱ्या असाव्यात. समुद्राच्या खाऱ्या हवेत साधी लोखंडी तार फार टिकत नाही.

बिघाड बहुतेक वेळा जाळीत नसतो, पन्हळीत असतो. वाऱ्याने जाळी मागे फुगते आणि थेंब पन्हळीच्या बाहेर पडतात. म्हणून पन्हळ जाळीच्या खालच्या कडेलाच बांधायची किंवा थोडी वाऱ्याच्या आडबाजूला सरकवायची. उतार मीटरमागे 1 सेंटिमीटर, म्हणजे 12 मीटरला 12 सेंटिमीटर. उतार कमी पडला की मध्ये पाणी साचते आणि शेवाळ धरते. जाळीला छोटी चीर पडली तर त्याच आठवड्यात शिवायची, कारण एका वादळी रात्रीत ती टोकापर्यंत जाते. हंगामाच्या सुरुवातीचे पाणी धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते. ते टाकीत सोडायचे नाही. टाकीला झाकण हवे. प्यायचे असेल तर निर्जंतुक करायचेच.

आता हिशेब. चिलीतल्या एल तोफो डोंगरावर अशाच 48 चौरस मीटरच्या जाळ्या लावून 1992 पासून चुंगुंगो या मच्छीमार गावाला नळाने पाणी दिले गेले. तिथली सरासरी चौरस मीटरमागे दिवसाला सुमारे 3 लिटर होती. हाच आकडा धरला तर एक जाळी 144 लिटर देते, दहा जाळ्या 1,440 लिटर. धुक्याचे 150 दिवस धरले तर वर्षाला 2,16,000 लिटर. पाच माणसांच्या घराला माणशी रोज 50 लिटर धरले तर वर्षाला सुमारे 91,000 लिटर लागतात. म्हणजे दहा मोठ्या जाळ्यांवर दोन घरे भागतात, तीही सहा-सात महिन्यांचा साठा करायला पुरेशी टाकी असेल तर. चुंगुंगोची यंत्रणा दहाएक वर्षांतच बंद पडली. गाव वाढले, देखभाल सुटली, पाण्याची दुसरी सोय हवीशी झाली.

या उलट एक लहानसा झरा घ्या. 10 लिटरची बादली 40 सेकंदांत भरली तर तो झरा दिवसाला 21,600 लिटर देतो. दीडशे जाळ्यांएवढे! म्हणून आतिकिपासारख्या ठिकाणी जाळीचे पाणी थेट नळाला जोडण्यापेक्षा रोपांना देणे शहाणपणाचे. आरेकिपाच्या सान आगुस्तीन विद्यापीठातल्या संशोधकांनी गावकऱ्यांबरोबर इथे काम केले त्यामागचा विचार हाच होता: जाळीच्या पाण्यावर तारा आणि आरायानाची रोपे पहिली काही वर्षे जगवायची, ती धुक्याच्या थरात उंच झाली की स्वतःचे पाणी स्वतः धरू लागतात. रोपांना कुंपण मात्र हवेच. कुंपणाशिवाय लावलेली रोपे म्हणजे गुरांना दिलेला चारा. 2011 मध्ये इथल्या शेतकरी समुदायाच्या जमिनीपैकी सुमारे 19,000 हेक्टर क्षेत्र खासगी संवर्धन क्षेत्र म्हणून मान्य झाले. जमीन समुदायाचीच राहिली, हे त्यात फार मोलाचे आहे.

नद्यांचे थोडक्यात. प्रांतातल्या याउका, आकारी, चाला या नद्या अँडीजमधल्या पावसावर चालतात आणि तो पाऊस डिसेंबर ते मार्च पडतो. म्हणजे नदीचे पाणी उन्हाळ्यात, धुक्याचे हिवाळ्यात. शेजारच्या याउका खोऱ्यात ऑलिव्हच्या बागा आहेत. थोडे खारे पाणी आणि लांब ताण सोसणारे ते झाड आहे. आतिकिपाला मात्र असे खोरे नाही. तिथल्या घळी वर्षानुवर्षे कोरड्या असतात. तरी त्यांच्या तोंडाशी घर बांधू नये. वर डोंगरात कधीतरी सर पडली तर दगड-चिखलाचा लोंढा येतो, त्याला तिकडे ‘वायको’ म्हणतात. घळीच्या तोंडाशी पंख्यासारखा पसरलेला दगडगोट्यांचा ढीग दिसला तर ती वायकोची जुनी वाट समजावी.

ज्या थंड पाण्यामुळे पाऊस नाही, त्याच पाण्यामुळे मासे भरपूर. खोलातून वर येणारे पाणी पोषक द्रव्ये घेऊन येते. किनाऱ्यावर मासेमारी होते आणि समुद्रशेवाळ गोळा करतात. ‘कोचायुयो’ नावाचे खाण्याचे शेवाळ वाळवून डोंगरात विकण्याची रीत फार जुनी. चालाजवळ पुएर्तो इंका येथे इंका काळातल्या कोठ्या आणि घरांचे अवशेष आहेत, तिथून कुस्कोकडे जाणारी जुनी वाटही आहे. लोमा, समुद्र आणि डोंगर या तिघांवर मिळून इथला माणूस जगला. एकट्या कशावरच जगणे शक्य नव्हते.

भूकंपाचा विषय वगळून हा भूगोल पुरा होत नाही. नाझ्का भूपट्ट, म्हणजे पॅसिफिकच्या तळाचा सरकता तुकडा, इथे दक्षिण अमेरिकेखाली सरकतो आणि त्याच्यावरची नाझ्का कटक ही बुडालेली रांगही किनाऱ्याखाली घुसते. त्यामुळे किनारा उचलला जातो. चालाच्या उपसागराभोवती समुद्राने कोरलेल्या सपाट पायऱ्या एकावर एक दिसतात, त्या याच उचलण्याची खूण. नकाशावर त्यांना नदीच्या गाळाची मैदाने समजू नका. 28 जून 2024 रोजी 7.2 तीव्रतेच्या भूकंपाचे केंद्र आतिकिपाच्या अगदी जवळ होते. समुद्रकाठी असताना जोराचा धक्का बसला तर सूचनेची वाट न पाहता उंचावर जायचे, हा तिथला पहिला धडा आहे.

अलीकडे या प्रांतात लहान प्रमाणावर सोन्याचे खाणकाम फार वाढले आहे, विशेषतः चाला आणि चापारा भागात. ‘किंबालेते’ या दगडी झुलत्या जात्याखाली खनिज पाऱ्याबरोबर दळतात. पाणी इतके कमी असलेल्या मुलखात पाऱ्याचा उरलेला गाळ घळीत टाकणे फार घातक आहे. धुवून न्यायला वाहते पाणी नाही, वारा तो पसरवतो आणि वायको एका दिवसात समुद्रात लोटतो.

अभ्यास घरबसल्या सुरू करायचा असेल तर आधी उंचीच्या माहितीवरून 400 आणि 1,000 मीटरच्या समोच्च रेषा काढा. मग त्यांच्यामधला दक्षिण-नैर्ऋत्य तोंडाचा उतार वेगळा रंगवा. पाणी असण्याची शक्यता तिथेच सर्वांत जास्त. त्यावर उपग्रहाची चित्रे ठेवा. सेंटिनेल-2 या उपग्रहाची 10 मीटरची (चित्रातला एक ठिपका म्हणजे 10 मीटर) चित्रे फुकट मिळतात. जुलै-ऑगस्टची चित्रे निवडू नका. तेव्हा हिरवळ असते, पण नेमकी ढगाखाली झाकलेली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ढग विरळ होतो आणि हिरवे अजून सुकलेले नसते. त्याच जागेचे मार्चचे चित्र शेजारी ठेवा. दोन्हींत हिरवे दिसेल ते झाड किंवा झऱ्यावरची शेती, फक्त नोव्हेंबरमध्ये दिसेल ते हंगामी गवत. एल निनोच्या वर्षाची चित्रे वेगळी ठेवा. समुद्र तापला की लोमांचे गणितच बदलते आणि ते वर्ष सरासरीत धरले तर पुढचे सगळे अंदाज फुगतात.

प्रत्यक्ष गेलात तर झऱ्यांचा प्रवाह मे महिन्यात मोजा, नवे धुके सुरू व्हायच्या आधी. तेव्हा बादली भरायला जितका वेळ लागतो, त्यावरून गावाला वर्षभर किती पाणी भरवशाचे आहे ते ठरवायचे.